ज्याचा आजार जड, त्याच्याच अँटीबॉडी जास्त? हे उलटं गणित कुणी सोडवेल का

वेलप्लेट

बरेच दिवस एक प्रश्न डोक्यात घोळतोय, आज धागाच काढते.

मी प्रयोगशाळेत अँटीबॉडी मोजायचं काम करते. सध्या आमच्याकडे २०२० मध्ये गोठवून ठेवलेले सीरमचे, म्हणजे रक्तातल्या पेशी काढल्यावर उरणाऱ्या द्रवाचे, नमुने पुन्हा तपासायला काढलेत. सगळे लस येण्याआधीचे. म्हणजे कोरोनाचा विषाणू ज्यांच्या शरीराने पहिल्यांदाच पाहिला, अशा माणसांचे.

परवा एका प्लेटवर दोन नमुने शेजारीशेजारी आले. दोघांचाही लक्षणांचा सतरावा दिवस. एकजण ऑक्सिजनवर होता, दुसरा दोन दिवस कणकण येऊन घरीच बरा झालेला. एलायझा ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी: प्लेटवरच्या वेलच्या, म्हणजे छोट्या खळग्यांच्या, तळाला विषाणूचं प्रथिन चिकटवलेलं असतं, त्यावर सीरम घालायचं, धुवायचं, मग अँटीबॉडीला चिकटणारा विकर जोडलेला दुसरा पदार्थ घालायचा, पुन्हा धुवायचं आणि शेवटी रंगद्रव्य. जिथे अँटीबॉडी आहे तिथे निळा रंग चढतो. आम्ल टाकून क्रिया थांबवली की निळ्याचा पिवळा होतो. जितका गडद पिवळा, तितक्या अँटीबॉडी जास्त.

ऑक्सिजनवाल्याचं सीरम शंभर पट पातळ केलं, दोनशे, चारशे, आठशे करत सहा हजार चारशेपर्यंत गेले, तरी वेल पिवळाच. घरी बरा झालेल्याचा वेल शंभरालाच फिकट, दोनशेला पाण्यासारखा. यंत्रात घालायचीही गरज नव्हती, डोळ्यांनाच दिसत होतं.

आणि हे दोनच नमुने नाहीत, सगळ्या प्लेट्सवर साधारण हाच कल आहे. अँटीबॉडी जर संरक्षण करतात, तर ज्याच्याकडे ढीगभर आहेत तो खाटेवर आणि ज्याच्याकडे चिमूटभर आहेत तो घरी, हे कसं? कारणाची अंधुक कल्पना आहे, पण माझं काम मोजण्याचं. रुग्ण पाहणाऱ्यांकडून ऐकायचंय.

अर्धविराम

प्रश्न झकास. एक अवांतर: मराठीत अँटीबॉडीला शाळेच्या पुस्तकात प्रतिपिंड म्हणतात, वर्तमानपत्रात प्रतिद्रव्य. पिंड म्हटलं की काहीतरी गोळा डोळ्यापुढे येतो, प्रत्यक्षात असते इंग्रजी वाय आकाराची प्रथिनाची रेणूजोडणी. कुठला तरी एक शब्द धरून चालूया का?

वेलप्लेट

@अर्धविराम, आमच्याकडे सगळे अँटीबॉडीच म्हणतात. तोच चालवू, नाहीतर धागा शब्दकोशात जाईल.

तापमापी

मी वैद्यकाचा माणूस. २०२० मध्ये कोविड वॉर्डात होतो. तुमची निरीक्षणं बरोबर आहेत आणि ती जगभर दिसली. २०२०च्या मध्यालाच चीनमधल्या एका अभ्यासात, चोंगचिंगचा होता तो, अजिबात लक्षणं नसलेले ३७ लोक आणि लक्षणं असलेले लोक यांची तुलना झाली होती. लक्षणं नसलेल्यांच्या आयजीजी (रक्तातल्या अँटीबॉडीचा मुख्य प्रकार) कमी होत्याच, शिवाय बरं झाल्यावर काही आठवड्यांत त्यांच्यातल्या ४० टक्के जणांची चाचणी निगेटिव्ह झाली. लक्षणं असलेल्यांत हे प्रमाण १२.९ टक्के.

पहिलं आणि सगळ्यात साधं कारण: शरीर अँटीबॉडी बनवतं ते विषाणूची प्रथिनं पाहून. ज्याच्या शरीरात विषाणू भरपूर वाढला आणि जास्त दिवस राहिला, त्याच्या बी-पेशींना, म्हणजे अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशींना, जास्त माल दिसला, म्हणून त्यांनी जास्त माल बनवला. घरी बरा झालेल्याचं काम बहुधा आधीच उरकलं होतं. नाका-घशातली जन्मजात प्रतिकारयंत्रणा, म्हणजे इंटरफेरॉन वगैरे, वेळेवर जागी झाली, टी-पेशींनी बाधित पेशी निपटल्या, आणि बी-पेशींपर्यंत प्रकरण पूर्ण तापून पोचलंच नाही.

म्हणजे तुम्ही सतराव्या दिवशी जे मोजताय ती आगीची राख आहे. जिथे मोठी आग लागली तिथे राख जास्त. राखेमुळे आग लागली असं कुणी म्हणत नाही, आणि राखेने आग विझवली असंही नाही.

शंकेखोर

थांबा थांबा. म्हणजे आजारी पडून भरपूर अँटीबॉडी मिळतात. मग लस कशाला? नैसर्गिकरीत्याच जास्त मिळत असतील तर?

तापमापी

@शंकेखोर, हा प्रश्न येणार हे माहीत होतं :) भरपूर अँटीबॉडी मिळाल्या त्या कुणाला? जे इतके आजारी पडले की ऑक्सिजन लागला, त्यांना. तो आकडा मिळवायची किंमत फुप्फुसांनी मोजली. आणि ज्यांना ती परवडली नाही, ते महिन्याभराने रक्त द्यायला आलेच नाहीत.

मध्यक

शेवटच्या वाक्याला अधोरेखित करतो, कारण सांख्यिकीवाल्यांचा सगळा जीव तिथेच अडकलेला असतो. @वेलप्लेट, तुमच्या प्लेटवर काही निष्कर्ष काढण्याआधी चार शंका:

नमुना कितव्या दिवसाचा? कोरोनात पहिल्यांदाच लागण झालेल्या माणसात आयजीएम आणि आयजीजी हे अँटीबॉडीचे दोन्ही प्रकार जवळपास बरोबरीनेच, दुसऱ्या आठवड्यात दिसू लागतात. आठव्या दिवसाचा नमुना आणि अठराव्या दिवसाचा नमुना यांची तुलना म्हणजे पेरणीनंतर आठवड्याने एक शेत बघायचं आणि कापणीला दुसरं. इस्पितळातल्या रुग्णांचे नमुने बहुतेक वेळा उशिराचे असतात, कारण ते दाखलच सातव्या-आठव्या दिवशी होतात. त्यामुळे अर्धा फरक आजाराचा नसून तारखेचा असू शकतो.

वय आणि लिंग? गंभीर रुग्णांत वयस्क पुरुष जास्त. त्यांच्या अँटीबॉडी जास्त दिसल्या तर त्या आजारामुळे की वयामुळे, हे वेगळं काढावं लागतं.

वाचलेल्यांचंच मोजमाप? तीस दिवसांचा आकडा मिळायला माणूस तीस दिवस जगलेला असावा लागतो. त्यामुळे ‘तिसाव्या दिवशी अँटीबॉडी भरपूर असलेले सगळे बरे झाले’ या वाक्यात काहीच माहिती नाही.

आणि शेवटचं: तुमची पातळ करायची शिडी दुपटीची आहे. चारशे आणि आठशे यांत एका पायरीचा फरक, तोच नमुना दोनदा लावला तरी पडतो. लोक ‘माझ्या दुप्पट आहेत’ म्हणून खूश होतात, तेव्हा तो फरक बऱ्याचदा पिपेट धरणाऱ्या हाताचा असतो. म्हणूनच साधी सरासरी घ्यायची नाही, भूमितीय मध्य घ्यायचा.

वेलप्लेट

पिपेटचं मनावर घेतलंय :( पण खरं आहे. माझे ते दोन नमुने एकाच दिवसाचे होते आणि फरक सहा पायऱ्यांचा, म्हणून तेवढे टिकतात. बाकीच्या प्लेट्सबद्दल शपथेवर सांगणार नाही.

सावळी

वाचत होते, पण लिहू की नको असं चाललं होतं.

माझ्या काकांना पहिल्या लाटेत झाला. दाखल केलं तेव्हा सातवा दिवस. अँटीबॉडीची चाचणी निगेटिव्ह आली, तेव्हा आम्हाला सांगितलं, ‘अजून तयार झालेल्या नाहीत, झाल्या की उतार पडेल.’ मग आम्ही त्या आकड्याचीच वाट बघत बसलो. सोळाव्या दिवशी रिपोर्ट आला, यंत्राच्या वरच्या मर्यादेपेक्षा जास्त. चुलतभावाने तो रिपोर्ट सगळ्या नातेवाइकांना पाठवला, आई तर रडलीच आनंदाने. काका बाविसाव्या दिवशी गेले.

मलाही त्याच आठवड्यात झाला होता. वास गेला, दोन दिवस ताप, बस. महिनाभराने तपासलं तर अँटीबॉडी नाहीतच. प्रयोगशाळेतल्या माणसाने तोंडावर सांगितलं, ‘तुम्हाला झालाच नव्हता.’ स्वॅब पॉझिटिव्ह होता हो माझा!

म्हणजे काकांकडे होत्या आणि ते गेले, माझ्याकडे नव्हत्या आणि मी बसलेय इथे लिहीत. राखेचं उदाहरण पटलं. पण मग त्या अँटीबॉडींनी केलं काय? इतक्या असूनही?

तापमापी

@सावळी, वाईट वाटलं वाचून. तुमचा प्रश्न मूळ प्रश्नापेक्षाही अवघड आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. काकांच्या बाबतीत नेमकं काय झालं हे इथे बसून मला सांगता येणार नाही. सर्वसाधारणपणे काय होतं, ते सांगतो.

किती यापेक्षा कधी, हे जास्त महत्त्वाचं ठरलं. येल विद्यापीठाच्या गटाने २०२१ मध्ये इस्पितळातल्या रुग्णांचे एकापाठोपाठ एक नमुने तपासले. गेलेल्या रुग्णांत विषाणूला निष्प्रभ करणाऱ्या अँटीबॉडी कमी नव्हत्या, त्या उशिरा आल्या होत्या. लक्षणं सुरू झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत ज्यांच्यात त्या तयार झाल्या त्यांची गाडी रुळावर आली. त्यानंतर तयार झाल्या तर आकडा तितकाच मोठा असूनही तसा फायदा दिसला नाही.

याचा सगळ्यात ठसठशीत पुरावा ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत मिळाला. इस्पितळात दाखल झालेल्या ९,७८५ रुग्णांत दोन कृत्रिम अँटीबॉडींचं मिश्रण तपासलं गेलं. दाखल होताना प्रत्येकाच्या स्वतःच्या अँटीबॉडी आहेत की नाहीत हेही पाहिलं होतं. ज्यांना हे औषध दिलं नाही त्यांच्यात, आधीच अँटीबॉडी असलेल्यांपैकी १५ टक्के २८ दिवसांत दगावले, आणि नसलेल्यांपैकी ३० टक्के. थेट दुप्पट. नसलेल्यांना बाहेरून अँटीबॉडी दिल्या तर ३० टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर आलं. ज्यांच्याकडे आधीच होत्या त्यांना फायदा शून्य.

आता हे @वेलप्लेट यांच्या प्लेटशेजारी ठेवून बघा. दाखल होतानाच्या दिवशी अँटीबॉडी असणं चांगलं. आणि महिन्याभराने भरपूर असणं ही जड आजाराची खूण. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत, कारण ती दोन वेगळ्या दिवसांबद्दल आहेत.

मध्यक

+१. हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवतो.

शंकेखोर

मग प्लाझ्मा? तेव्हा सगळे प्लाझ्मा शोधत फिरत होते. बरा झालेल्याच्या अँटीबॉडीच ना त्या? मीही दिला होता दोनदा.

तापमापी

दिलात ते चांगल्याच भावनेने, त्यात काही चुकलं नाही. पण मिळाला तो बहुतेकांना उशिरा. आयसीएमआरने ३९ इस्पितळांत ४६४ रुग्णांवर केलेल्या प्लॅसिड चाचणीत प्लाझ्माने मृत्यू किंवा आजार गंभीर होणं कमी झालं नाही. रिकव्हरीमध्येही ११,५५८ रुग्ण होते, प्लाझ्मा दिलेले आणि न दिलेले दोन्हींकडे मृत्यू २४ टक्के.

पण अर्जेंटिनातली चाचणी बघा. १६० वयस्क लोक, लक्षणं सुरू झाल्यापासून ७२ तासांच्या आत, भरपूर अँटीबॉडी असलेला प्लाझ्मा. श्वसनाचा गंभीर त्रास प्लाझ्मा मिळालेल्यांत १६ टक्के, न मिळालेल्यांत ३१. तीच पिशवी, तोच पदार्थ. तिसऱ्या दिवशी उपयोगी, दहाव्या दिवशी जवळपास निरुपयोगी. कारण दहाव्या दिवशी फुप्फुसात जे चाललेलं असतं त्यात विषाणूचा वाटा कमी आणि आपल्याच दाहाचा जास्त. म्हणून तर तिथे डेक्सामेथासोनसारखं प्रतिकारशक्ती दाबणारं स्टेरॉइड चाललं. व्हेंटिलेटरवरच्यांत मृत्यू एक तृतीयांशाने घटले, ऑक्सिजनवरच्यांत एक पंचमांशाने. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना मात्र त्याचा फायदा नाही.

सावळी

धन्यवाद. ‘झाल्या की उतार पडेल’ हे वाक्य आमच्या घरात अजून कुणी विसरलेलं नाही. उत्तराने काका परत येणार नाहीत, पण आकडा खोटा नव्हता आणि आशाही अगदीच खुळी नव्हती, एवढं कळलं तरी बरं वाटतं.

वेलप्लेट

@सावळी, तुमच्या निगेटिव्हबद्दल माझ्या बाजूने थोडं. ‘तुम्हाला झालाच नव्हता’ हे कुठल्याही प्रयोगशाळेने म्हणू नये. निगेटिव्ह म्हणजे यंत्राने आखलेल्या रेषेच्या खाली. सौम्य आजारात आकडा मुळात त्या रेषेच्या जरासाच वर जातो, आणि आयजीजीचं अर्धायुष्य साधारण २१ दिवस, त्यामुळे लवकर खाली येतो. शिवाय चाचणी कुठल्या प्रथिनाविरुद्धची होती? काट्याच्या, म्हणजे स्पाइकच्या, की आतल्या न्यूक्लिओकॅप्सिडच्या? एकीत निगेटिव्ह आणि दुसरीत पॉझिटिव्ह असलेले नमुने मी रोज बघते.

आणि रक्तातून ओसरल्या म्हणजे आठवण पुसली असंही नाही. सौम्य कोविड होऊन गेलेल्या १९ जणांची अस्थिमज्जा सात-आठ महिन्यांनी तपासली होती, तेव्हा १५ जणांत स्पाइकविरुद्ध अँटीबॉडी बनवणाऱ्या दीर्घायुषी पेशी मुक्काम ठोकून सापडल्या. त्या गुपचूप थोडं थोडं बनवत राहतात.

अर्धविराम

एक बाळबोध प्रश्न. सगळ्या अँटीबॉडी सारख्याच का? म्हणजे यंत्र मोजतं ते सगळं कामाचं असतं का?

वेलप्लेट

बाळबोध कसला, दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. नाही, सगळ्या सारख्या नसतात. एलायझा फक्त चिकटणं मोजते. चिकटून विषाणूचा पेशीत शिरकाव रोखला की नाही, हे कळायला निष्प्रभीकरण चाचणी लागते. त्यात जिवंत पेशींवर विषाणू आणि सीरम एकत्र सोडून पेशी वाचतात का ते बघायचं. ते काम वेळखाऊ, आणि खऱ्या विषाणूवर करायचं तर जैवसुरक्षेचा वरचा स्तर लागतो. म्हणून रोजच्या रिपोर्टात ते नसतं.

तापमापी

यात दोन-तीन रंजक पदर आहेत.

अँटीबॉडी घडवण्याची नीट कार्यशाळा म्हणजे लसिकाग्रंथींतली जननकेंद्रं. तिथे बी-पेशींची चाळणी होते, चांगल्या चिकटणाऱ्या निवडल्या जातात आणि पुन्हा सुधारल्या जातात. कोविडने गेलेल्यांच्या लसिकाग्रंथी आणि प्लीहा शवविच्छेदनात पाहिल्या तेव्हा ही जननकेंद्रं जवळपास दिसेनाशी झालेली आढळली. म्हणजे माल भरपूर निघत होता, पण कार्यशाळेबाहेर, घाईघाईत, चाळणी न लागता.

दुसरं, अँटीबॉडीच्या शेपटीवर साखरेची एक साखळी असते. त्यातली फ्यूकोज नावाची साखर नसेल तर ती शेपटी दाहक पेशींना जास्त घट्ट पकडते आणि जास्त भडकवते. गंभीर कोविडमध्ये अशा फ्यूकोजविरहित आयजीजीचं प्रमाण जास्त सापडलं. एलायझाला हा फरक दिसत नाही. वेल तेवढाच पिवळा.

तिसरं मला स्वतःला सगळ्यात चक्रावून टाकणारं वाटतं. २०२० मध्ये जिवावर बेतलेल्या ९८७ रुग्णांत १०१ जणांकडे स्वतःच्याच इंटरफेरॉनविरुद्ध अँटीबॉडी सापडल्या. त्यातले ९५ पुरुष. सौम्य किंवा लक्षणविरहित ६६३ जणांत एकही नाही. या अँटीबॉडी विषाणूने दिलेल्या नव्हत्या, ज्यांचे आधीचे नमुने उपलब्ध होते त्यांच्यात त्या आधीपासून होत्या. म्हणजे धोक्याची घंटा वाजवणारी तारच कापलेली. माणूस इतकी वर्षं ठणठणीत, आणि हा विषाणू आल्यावरच ते उघडं पडलं.

शंकेखोर

म्हणजे अँटीबॉडीमुळेच आजार वाढतो असंही होऊ शकतं? मी हे म्हणालो असतो तर सगळे अंगावर आले असते.

तापमापी

होऊ शकतं, आणि त्याचं नाव डेंगी. :) कोविडमध्ये मात्र ती भीती खरी ठरली नाही. हजारो लोकांना प्लाझ्मा दिला गेला, फायदा झाला नाही, पण त्याने आजार भडकला असंही दिसलं नाही.

डेंगीचे चार प्रकार आहेत. पहिल्यांदा एका प्रकाराचा झाला की त्या प्रकारापासून संरक्षण, पण पुढे दुसऱ्या प्रकाराचा झाला तर जुन्या अँटीबॉडी नव्या विषाणूला चिकटतात, निष्प्रभ करू शकत नाहीत, उलट त्याला हाताला धरून भक्षकपेशींच्या आत नेऊन सोडतात. निकाराग्वातल्या मुलांच्या दीर्घ अभ्यासात, २०१७ मध्ये, हे आकड्यांत दिसलं. १:२१ ते १:८० (म्हणजे सीरम एकवीस ते ऐंशी पट पातळ करेपर्यंत दिसणाऱ्या) या मधल्या टप्प्यातल्या अँटीबॉडी असलेल्या मुलांना गंभीर डेंगीचा धोका अँटीबॉडी नसलेल्यांच्या साडेसात पटींहून जास्त. आणि त्याहून भरपूर असलेल्यांना उलट संरक्षण. आईकडून अँटीबॉडी मिळालेल्या बाळांनाही हेच: जन्मल्यावर काही महिने संरक्षण, मग त्या ओसरताना मधला धोक्याचा टप्पा येतो.

म्हणून ‘अँटीबॉडी किती’ या प्रश्नाला विषाणूचं नाव घेतल्याशिवाय उत्तर नाही.

मध्यक

आणि इथे सरासरीने घात होतो बघा. कमी, मध्यम, जास्त असे तीन गट एकत्र करून सरळ रेष काढली की चढ-उतार एकमेकांना खाऊन टाकतात आणि संबंध पुसट दिसतो. ठिपके काढा हो, ठिपके. रेष नंतर.

वेलप्लेट

इतर विषाणूंचं निघालंच आहे तर: ‘लस न घेतलेला’ ही अट मला आधी नुसती सोय वाटायची. पण काही ठिकाणी सगळं निदानच त्यावर उभं असतं. रेबीजची लस किंवा सीरम कधीच न घेतलेल्या माणसाच्या रक्तात रेबीजच्या अँटीबॉडी सापडल्या तर ते रेबीजचं निदान. लस घेतली असेल तर त्याच आकड्याचा अर्थ ‘लस लागू पडली’. कावीळ ब मध्येही तसंच. पृष्ठभागाच्या प्रथिनाविरुद्धच्या एकट्या असतील तर लस, गाभ्याविरुद्धच्याही असतील तर खरी लागण होऊन गेलेली. कोविडमध्ये न्यूक्लिओकॅप्सिड बघून हेच करायचो, पण निष्क्रिय केलेल्या अख्ख्या विषाणूची लस घेतलेल्यांत ती युक्ती चालत नाही, कारण त्या लशीत तेही प्रथिन असतं.

तापमापी

कावीळ ब चं नाव काढलंत म्हणून. तुमच्या मूळ प्रश्नाचा आरसा तिथे आहे. यकृताची नासधूस विषाणू स्वतः फारशी करत नाही, बाधित पेशी मारणाऱ्या आपल्या टी-पेशी करतात. प्रौढ माणूस पिवळाधमक होऊ शकतो, आडवा पडू शकतो आणि बहुतेक वेळा विषाणू कायमचा हाकलतो. कायमचा वाहक होण्याचं प्रमाण ५ टक्क्यांहून कमी. नवजात बाळाला आईकडून लागण झाली तर त्याला काहीच होत नाही, रडतंही नाही. आणि अशा सुमारे ९० टक्के बाळांत विषाणू घर करून राहतो. शांतता म्हणजे विजय असंही नाही, आणि त्रास म्हणजे पराभव असंही नाही.

शंकेखोर

आणि गोवर? लहानपणी सगळ्यांना व्हायचा, एकदा झाला की जन्माची कटकट गेली असं म्हणायचे.

तापमापी

गोवराची प्रतिकारशक्ती जन्मभर टिकते हे खरं. पण २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचं गोवराआधीचं आणि नंतरचं रक्त तपासलं, तेव्हा इतर रोगांविरुद्ध जमवलेल्या अँटीबॉडींच्या साठ्यातला ११ ते ७३ टक्के भाग गायब झालेला दिसला. गोवराच्या अँटीबॉडी आल्या, बाकीच्यांची वही फाटली. म्हणजे @शंकेखोर, ‘नैसर्गिकरीत्या मिळाल्या’ याचा हिशेब मांडताना गेल्या किती तेही लिहावं लागतं.

आणखी एक गंमत. जन्मतःच अँटीबॉडी बनवू न शकणारी मुलं असतात. त्यांना गोवर इतर मुलांसारखाच होतो, पुरळही येतो आणि मुलं बरीही होतात. उलट ज्यांच्या टी-पेशी दुबळ्या, त्यांना पुरळ न येता जीवघेणा न्यूमोनिया होऊ शकतो. पुरळ हे टी-पेशींच्या कामाचं चिन्ह आहे.

शंकेखोर

वहीचं माहीत नव्हतं. हे मात्र मान्य.

अर्धविराम

शंकेखोर यांनी ‘मान्य’ लिहिलं! धाग्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

सावळी

एक शेवटचं विचारते. मी आता पुन्हा तपासून बघू का? नंतर लसही घेतलीय. आकडा बघून काही कळेल?

तापमापी

आकडा येईल, त्यावरून तुमच्यासाठी करण्यासारखं काही निघणार नाही. २०२० च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने मोजमापाचं समान एकक ठरवलं, तरी ‘एवढ्याच्या वर सुरक्षित’ अशी रेषा प्रत्येक माणसासाठी आखता येत नाही. त्यात विषाणूची रूपं बदलत राहतात. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर गोष्ट वेगळी, तेव्हा तुमच्या डॉक्टरांना विचारा.

वेलप्लेट

सगळ्यांचे आभार. मध्यक यांचा पहिला प्रश्न वाचून आज सकाळी नमुन्यांसोबतचे जुने अर्ज काढून बसले. नाव झाकलेलं, वय आहे, लिंग आहे, ऑक्सिजन लागला की नाही तेही आहे. ‘लक्षणे सुरू झाल्याची तारीख’ हा रकाना बहुतेक अर्जांवर कोरा. काहींवर नमुना घेतल्याचीच तारीख दोन्हीकडे लिहिलीय, घाईत कुणीतरी.

माझे ते दोन शेजारचे नमुने नशिबाने भरलेल्या अर्जांतले निघाले. बाकीच्यांसाठी आता जुने केसपेपर मागवलेत. ते येईपर्यंत प्लेट लावायची थांबवली आहे.